सहा मुलं, त्यातली तिघं एकदम टीनएजमध्ये: दत्तक कुटुंबात प्रत्येकाला त्याचं त्याचं कसं द्यायचं?

सहाजणांची_आई

नमस्कार मंडळी. आमच्या घरात सहा मुलं, सहाही दत्तक. मोठी मुलगी १६ ची. तिच्या खालोखाल एक मुलगा आणि एक मुलगी, दोघं १४ चे, वयात जेमतेम काही महिन्यांचं अंतर, पण दोघं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेत. मग ११ आणि ९ चे दोन भाऊ, हे मात्र सख्खे आहेत आणि एकत्रच आले. धाकटी ६ ची. दत्तक हा विषय घरात कधी झाकून ठेवला नाही, कोण कसं आलं हे प्रत्येकाला लहानपणापासून माहितीये, त्यामुळे "कसं सांगू" हा माझा प्रश्न नाहीये.

इतकी वर्षं आमचं घर चाललं ते वेळापत्रकावर. सकाळी आंघोळीचे नंबर ठरलेले, कोणी कपडे वाळत घालायचे, कोणी धाकटीची वेणी घालायची, रात्री दिवे कधी बंद हे सगळं फळ्यावर लिहिलेलं. नियम सगळ्यांना एकच, त्यामुळे भांडणं कमी. आता तिघं टीनएजमध्ये आल्यावर तेच वेळापत्रक तिघांना टोचायला लागलंय. मोठीला रात्री उशिरापर्यंत जागायचंय, तिला फोन मिळाला तर १४ वाली विचारते मला कधी, आणि तिला दिला तर मुलगा म्हणणार आम्ही एकाच वयाचे ना. त्यात मुलीची पाळी खूप लवकर सुरू झाली, ती उंचीने वाढली, मोठी दिसायला लागली, आणि हा अजून लहान चणीचा, आवाजही फुटलेला नाही. बाहेरचे लोक दोघांना जुळे समजतात आणि त्याच्या तोंडावर म्हणतात, अरे बहीण केवढी पुढे गेली. तो हसतो, पण मला कळतं त्याला काय होतं ते.

हे एकवेळ निभावेल. खरं जड जातंय ते पुढचं. शाळेत आनुवंशिकतेचा धडा आला आणि गृहपाठ मिळाला, घरातल्या तीन पिढ्यांचा तक्ता काढा, डोळ्यांचा रंग, केस, कानाची पाळी, कोणाचं कोणासारखं. मुलगा वही माझ्यासमोर ठेवून म्हणाला माझ्याकडे लिहायला एक ओळसुद्धा नाही. आणि ते खरंच आहे. तो तान्हा असताना सापडलेला, त्याची जन्मतारीखसुद्धा डॉक्टरांनी अंदाजे ठरवलेली. मोठीकडे जन्म देणाऱ्या आईचं पत्र आहे, एक फोटो आहे. दोघा भावांना त्यांच्या आजीबद्दल माहिती आहे, ते तिचं नावही घेतात. त्याच आठवड्यात मोठीने जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं की १८ ची झाले की मी आईला शोधणार. मला त्याचं वाईट वाटलं नाही, तिचा हक्क आहे, मी तिच्याबरोबर उभी राहीन. पण ती बोलली आणि टेबलावरचे पाच चेहरे मी बघितले. धाकटीने विचारलं, ताई मग परत नाही येणार का? मुलगा उठून निघून गेला.

एकाचा टप्पा आला की बाकी पाचांच्या मनात काहीतरी हलतं. एक दोन मुलांच्या घरात हे कदाचित नीट बोलता येत असेल, इथे प्रत्येक गोष्ट सहा जणांसमोर होते. ज्यांची घरं मोठी आहेत किंवा जे स्वतः अशा घरात वाढलेत त्यांनी सांगा, तुम्ही हे कसं केलंत?

मधला_भाऊ

ताई, मी सात भावंडांच्या घरात वाढलो, त्यातली पाच दत्तक, मी त्यातलाच एक. आता माझं वय तिशीच्या पुढे आहे. तुमच्या मुलाची वही वाचून थांबलो थोडा वेळ.

मोठ्या घरात सगळं सामायिक असतं. खोली, कपाट, सायकल, मोठ्याचा शर्ट लहान्याला. मग हळूहळू गोष्टीपण सामायिक होतात, म्हणजे कोण कुठून आलं, कोणाच्या आईने काय लिहिलं, हे सगळ्यांना पाठ असतं आणि कोणीही कोणासमोरही सांगून टाकतं. लहानपणी त्यात काही वाटत नाही. १३ १४ नंतर वाटतं. मला तेव्हा सगळ्यात जास्त काय हवं होतं तर एक गोष्ट फक्त माझी असावी, आणि ती कोणाला सांगायची ते मी ठरवावं. आमच्या आईने आम्हाला प्रत्येकाला कुलूप लागणारा एक खण दिला होता, किल्ली आमच्याकडे. आत कागद ठेवा नाहीतर गोट्या ठेवा, ती उघडायची नाही आणि दुसऱ्या कोणी उघडायला गेलं तर ती आडवी यायची. सात जणांच्या घरात तो खण म्हणजे फार मोठी गोष्ट होती.

तर पहिलं माझं म्हणणं, प्रत्येकाची गोष्ट त्याची. आई म्हणून तुम्ही ती पाहुण्यांना सांगायची नाही, शाळेत सांगायची नाही, भावंडांनाही त्याला विचारल्याशिवाय नवीन काही सांगायचं नाही. मोठीला शोध घ्यायचाय तर जरूर घ्यावा, पण ती बातमी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना एकदम मिळणं आणि तिने एकेकाला बाजूला घेऊन सांगणं यात फरक आहे. तिला दटावू नका, तिने काही वावगं केलेलं नाही. फक्त तिला म्हणा की धाकटीला तू स्वतः सांग, मी कुठे जात नाहीये म्हणून. ते तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिच्या तोंडून ऐकलेलं धाकटीला पटेल.

आता मुलाबद्दल. माझंही असंच होतं, पत्र नाही, फोटो नाही. लोक प्रेमाने म्हणायचे, अरे आम्ही आहोत ना, आम्हीच तुझे. ते खरं होतं, मी त्यावर कधी शंका घेतली नाही. पण मी विचारत होतो एक आणि उत्तर मिळत होतं दुसरंच. मी विचारत होतो माझी उंची कोणाची, माझ्या हातावर हे केस कोणाचे. त्याचं उत्तर "माहीत नाही, आणि कदाचित कधी कळणार नाही" एवढंच होतं आणि ते कोणीतरी माझ्याशेजारी बसून म्हणायला हवं होतं. एकदा वडील म्हणाले, मलापण माहीत करून घ्यायला आवडलं असतं रे. त्या दिवशी मला बरं वाटलं.

आणि काहीच नाही असं सहसा नसतं. सापडलेल्या बाळाच्या फाइलमध्येसुद्धा कुठे सापडलं, कोणत्या वेळी, अंगावर काय होतं, वजन किती होतं, पहिले काही महिने कोणी सांभाळलं, नाव कोणी ठेवलं असं काहीबाही असतं. ते कागद काढा, त्याच्याबरोबर एकट्याने बसा. बहिणीच्या पत्राशी त्याची तुलना कोणी करू देऊ नका. पत्र नाही तर नाही, पण त्याचेही पहिले दिवस कुणीतरी पाहिलेले आहेत.

पाच_पोरांचा_बाप

वरच्या दादांनी मनातलं लिहिलंय, मी रोजच्या व्यवहाराचं लिहितो कारण माझ्या मते अर्धी भांडणं तिथूनच येतात. आमच्याकडे पाच, तीन दत्तक दोन पोटची.

"सगळ्यांना एकच नियम" हे सगळी लहान असतात तोवर चांगलं चालतं, पण ६ वर्षांच्या मुलीला आणि १६ वर्षांच्या मुलीला झोपायची एक वेळ शरीरालाच मान्य नसते. वयात येताना मेलाटोनिन (झोप आणणारं संप्रेरक) रात्री उशिरा वाढायला लागतं त्यामुळे टीनएजरला लवकर झोप येतच नाही, तो हट्टीपणा नसतो. झोपेच्या डॉक्टरांची शिफारस ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ ला ८ ते १० तास अशी आहे. म्हणजे मोठीला झोप कमी लागते असं नाही हं, तिलाही ८ तास हवेतच, फक्त घड्याळ पुढे सरकलंय. आम्ही दिव्यांच्या दोन वेळा केल्या आणि मोठ्यांना तो उशिराचा तास "शांत तास" म्हणून दिला. लहान झोपलेले, घर गप्प, त्या तासात सगळ्यात जास्त बोलणं झालंय आमचं.

फोन आणि एकट्याने बाहेर जाणं, हे आम्ही वयावरून ठरवणं सोडलं. वयावर ठेवलं की एकाच वयाची दोघं असली की झालंच, दोघांना एकदम द्या नाहीतर दोघांना नको. त्याऐवजी काय जमलं पाहिजे ते लिहून ठेवलं. सांगितलेल्या वेळेला घरी येणं, उशीर होणार तर कळवणं, स्वतःचे कपडे स्वतः बघणं, रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणं. ज्याला जेव्हा जमेल त्याला तेव्हा. आमच्याकडे धाकट्याला मोठ्याच्या आधी मिळालं एक काहीतरी आणि चक्क भांडण झालं नाही कारण कागद भिंतीवर होता.

तुमच्या १४ च्या दोघांसाठी एक कळकळीचं सांगणं. वाढदिवस जवळ आलेत म्हणून एकत्र करू नका, शक्य असेल तर शाळेत वेगवेगळी तुकडी मागा, क्लास वेगळा, खेळ वेगळा. जुळे का असं कोणी विचारलं तर "नाही, भाऊ बहीण आहेत" एवढंच आणि विषय बंद, पुढचा इतिहास सांगायची कोणालाच गरज नाही. आणि प्रत्येक मुलाला आईबापांपैकी एकाबरोबर एकट्याचा ठरलेला वेळ पाहिजेच, मग तो बाजारातून येताजाता चालतानाचा का असेना. शेजारी चालताना मुलगे बोलतात, समोरासमोर बसवलं की तोंड उघडत नाहीत.

बालरोग_डॉक

दोन तीन वैद्यकीय गोष्टी सांगते, कारण तुलनेमुळे मुलगा दुखावतोय असं दिसतंय.

वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या दरम्यान कधीही झाली तरी ती नेहमीची धरतात. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलग्यांच्या सुमारे दोन वर्षं आधी येतो. म्हणजे १४ ला मुलगी मोठी दिसणं आणि मुलगा बारका दिसणं हे सख्ख्या जुळ्यांमध्येसुद्धा घडतं. हे त्याला आकडे सांगून समजवा, मुलांना आकडे आवडतात. मात्र १४ पूर्ण होऊनही शरीरात बदलाची काहीच खूण नसेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा. त्याच्या बाबतीत तर जन्मतारीखच अंदाजे आहे, म्हणजे तो खरोखर १३ चा असू शकतो! डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, त्यावरून वाढ किती बाकी आहे याचा अंदाज येतो. पण त्याला विचारून करा, त्याच्या वयाबद्दल पुन्हा एकदा त्याच्या डोक्यावरून चर्चा नको.

मुलीची पाळी लवकर आली म्हणता त्याबद्दल. ती दुसऱ्या देशातून आली असेल तर हे माहीत असू द्या की डेन्मार्कमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात परदेशातून दत्तक आलेल्या मुलांमध्ये वेळेआधी वयात येण्याचा धोका तिथल्या मुलांच्या तुलनेत १० ते २० पट दिसला होता. वेळेआधी म्हणजे मुलींमध्ये ८ च्या आधी. पहिल्या वर्षांतली उपासमार आणि नंतर एकदम भरून निघालेली वाढ हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानतात. तुमची धाकटी ६ ची आहे, म्हणून तिच्याकडे आत्तापासून लक्ष असू द्या आणि पाळीबद्दल तिला जरा आधीच साध्या शब्दांत सांगून ठेवा.

आणि एक. दवाखान्यातल्या फॉर्मवर "घरात कोणाला हृदयविकार, मधुमेह" असं विचारतात तिथे मुलं बिचारी अडकतात. मोठी मुलगी लवकरच एकटी डॉक्टरकडे जायला लागेल. तिथे "दत्तक, माहिती उपलब्ध नाही" असं सरळ लिहायचं हे तिला शिकवा. तुमचे स्वतःचे आजार तिथे लिहू नका, त्याने डॉक्टरांची दिशाभूल होते. आम्ही मग तपासण्या त्या हिशोबाने ठरवतो.

विज्ञानाची_बाई

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि तो तक्त्याचा गृहपाठ वाचून मनापासून वाईट वाटलं. तो धडा शिकवायला मुलाचं स्वतःचं घर लागतच नाही. वर्गात दत्तक मुलं असतात, आई किंवा वडील नसलेली असतात, नातेवाइकांकडे वाढणारी असतात. मी राणी व्हिक्टोरियाच्या घराण्याचा तक्ता देते. तिच्याकडून हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, मुलाला लिओपोल्डला गेला आणि मुलींमार्फत पुढे रशियाच्या राजपुत्र अलेक्सीपर्यंत पोचला. मुलं अक्षरशः गुप्तहेरासारखी शोधत बसतात, आणि आनुवंशिकता कानाच्या पाळीपेक्षा कितीतरी चांगली कळते. खरं तर चिकटलेली आणि सुटी कानाची पाळी हे उदाहरणच कच्चं आहे, ते एका जनुकावर ठरत नाही.

रक्तगटाचा धडा याच्या पाठोपाठ येतो हेही लक्षात ठेवा. एबी गटाच्या पालकाचं मूल सहसा ओ गटाचं नसतं हे मुलं लगेच घरी पडताळतात. तुमच्या घरात सगळं उघड असल्यामुळे धक्का बसणार नाही, पण मुलाला आधी सांगून ठेवा की वर्गात हे येणार आहे. शिक्षकांना तुम्ही भेटून सांगा की सगळ्या वर्गालाच दुसरा पर्याय द्या. त्याच्या एकट्यासाठी सूट मागू नका, नाहीतर वर्गात तो वेगळा पडेल.

सहाजणांची_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. डॉक्टर, तो १३ चा असू शकतो हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याला एकट्याला गाठून सांगितलं तर तो आधी गप्प बसला मग म्हणाला म्हणजे मला अजून एक वर्ष आहे उंच व्हायला. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी काहीतरी हलकं दिसलं. फाइल पण काढलीये, त्याने सांगितलंय की परीक्षा झाल्यावर बघू, तर तेव्हा.

मोठीच्या शोधाबद्दल अजून विचारायचंय. तिच्या मैत्रिणीने तिला डीएनए टेस्टचं सांगितलंय, घरी किट मागवायचं आणि थुंकी पाठवायची. आता मुलगापण म्हणतोय मला पण करायची. दोघांच्या हातात एकदम हे द्यावं का?

दत्तक_समुपदेशक

मी दत्तक कुटुंबांबरोबर काम करते म्हणून लिहिते.

आधी तुमच्या टेबलावरच्या पाच चेहऱ्यांबद्दल. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मुलांना दत्तक म्हणजे काय समजतं यावर काम केलं. अगदी लहान मूल "मी दत्तक आहे" असं आनंदाने म्हणतं पण त्याला त्याचा अर्थ फारसा कळत नसतो. साधारण ८ ते ११ मध्ये पहिल्यांदा लक्षात येतं की कोणीतरी मला घेतलं याचा अर्थ त्याआधी कोणीतरी मला सोडलं. टीनएजमध्ये मग "तर मी कोण" हा प्रश्न येतो. म्हणजे त्या रात्री मोठीच्या एका वाक्याने तुमच्या घरातल्या बाकी पाच मुलांनी निरनिराळं ऐकलं. धाकटीने ऐकलं ताई जाणार. ९ आणि ११ च्या मुलांनी कदाचित ऐकलं असेल की आजीकडे जाता येतं, मग आपण का नाही. हे दोघे भाऊ गप्प आहेत असं दिसतंय तुमच्या लिहिण्यावरून, मी त्यांच्याकडे आवर्जून लक्ष देईन. सख्खी भावंडं एकत्र असली की सगळे समजतात त्यांना एकमेकांचा आधार आहे, पण बऱ्याचदा मोठा धाकट्याला सांभाळण्यात स्वतःचं बोलतच नाही.

शोधाबद्दल, हक्क आहेच. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार ओळख जपण्याचा हक्क मानतो आणि एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग कराराच्या ३० व्या कलमात मुलाच्या मूळाची माहिती जपून ठेवायला सांगितलंय. स्कॉटलंडने तर १९३० पासून १७ वर्षांच्या दत्तक मुलाला मूळ जन्मनोंद बघू दिली, इंग्लंड आणि वेल्समध्ये ते १८ ला, १९७५ च्या कायद्याने. प्रत्येक देशाची पद्धत वेगळी, म्हणून ज्या संस्थेतून किंवा कार्यालयातून दत्तक झालं तिथे आधी लेखी विचारा. पत्र असेल तर तिथून सुरुवात सोपी.

डीएनए टेस्टबद्दल मी थांबा म्हणेन. त्यात बहुतेक वेळा आई सापडत नाही, दूरचे चुलत मावस भाऊ सापडतात, आणि त्यांना काहीच माहीत नसतं. मग एका अनोळखी माणसाला संदेश जातो आणि एखाद्या घरातलं वर्षानुवर्षं जपलेलं गुपित उघडं पडतं. कधी उत्तर येतं, कधी येत नाही, कधी समोरचा ब्लॉक करतो. हे १४ व्या वर्षी एकट्याने रात्री फोनवर वाचायची गोष्ट नाही. शिवाय त्यात आजारांची माहितीही येऊ शकते, आणि एकदा दिलेला डीएनए परत घेता येत नाही. सज्ञान झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवावं. मुलाला "नाही" म्हणू नका, "तू १८ चा झालास आणि तेव्हाही वाटलं तर मी बरोबर असेन" असं म्हणा. त्याच्यासारख्या मुलासाठी ती टेस्ट कदाचित एकमेव वाट असेल, म्हणून ती वाट घाईत वापरली जाऊ नये असं मला वाटतं.

आणि सोशल मीडिया आत्ताच तपासा. मोठीकडे नाव आणि फोटो दोन्ही आहेत. ती १८ ची वाट बघेल असं गृहीत धरू नका, नाव टाकून शोधायला दोन मिनिटं लागतात. रागवायचं नाही, फक्त तिला सांगा की काही सापडलं तर उत्तर पाठवायच्या आधी मला उठव, कितीही वाजले असले तरी.

मधला_भाऊ

समुपदेशक ताईंशी मी थोडा असहमत. १८ ची रेघ मला फार कडक वाटते. टेस्टसाठी ठीक आहे, पण कागदांसाठी, संस्थेला पत्र लिहिण्यासाठी, जिथे सांभाळलं ती जागा बघायला जाण्यासाठी १८ ची वाट कशाला? मी १५ चा असताना वडिलांबरोबर ती जागा बघून आलो. आत ज्यांनी मला सांभाळलं त्यातलं कोणी उरलं नव्हतं, इमारत मात्र तीच होती, जिना होता, आवारात झाड होतं. मला त्या झाडाचा आजही उपयोग होतो, सुरुवात कुठे झाली असं कोणी विचारलं की डोळ्यांसमोर काहीतरी येतं. माझी भावंडं तेव्हा बरोबर नव्हती आणि ते फार बरं झालं.

सहाजणांच्या आई, परीक्षेनंतर फाइल उघडाल तेव्हा बाकी पाचांना कुठेतरी पाठवून द्या. आणि त्याला आधीच विचारा की घरी आल्यावर यातलं कोणाला काय सांगायचं. तो म्हणाला कोणालाच नाही, तर कोणालाच नाही.

सहाजणांची_आई

हो, त्याला विचारलं. तो म्हणाला मोठ्या ताईला सांगितलं तर चालेल, बाकी कोणाला नको. आणि त्याला खण पाहिजेय, कुलुपाचा. सहा खण करायला टाकलेत.